आखूड नळीचं नरसाळं

१

प्रयोगशाळेतल्या टेबलावर पत्र्याचा एक ट्रे ठेवला होता आणि त्या ट्रेमध्ये नववी ‘अ’चा प्रयोग तुकड्यातुकड्यांनी पडला होता. फुटक्या चंबूच्या काचा, जस्ताचे राखाडी खडे आणि दोन भोकांचं एक जाड रबरी बूच. बुचाच्या एका भोकात आखूड नळीचं नरसाळं, कडेचा टवका उडालेलं. दुसऱ्यात टोकाला निमुळती होत गेलेली काचेची सरळ नळी.

“कुणाला हात लावू दिला नाही मी,” मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. “परवा भर तासात फुटलं. आमच्या एका मुलीच्या डोळ्यात काच गेली. डोळा राहतो की जातो, डॉक्टर अजून सांगत नाहीत.”

“देवा,” चाळणीबाई म्हणाल्या.

चाळणीबाई शिक्षण खात्यातल्या. माध्यमिक शाळेत विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकवणारा माणूस त्या कामाला खरोखर लायक आहे का, हे तपासणं त्यांचं काम. नुसती प्रमाणपत्रं पाहून त्या कधी परतत नसत. मागच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि म्हणायच्या, हं, आता करून दाखवा. म्हणून खात्यातल्यांनी त्यांचं नाव चाळणी ठेवलं. ते त्यांच्या कानावर होतं. “सूप हसतंच चाळणीला,” एवढं म्हणून त्या पुढच्या शाळेत जात.

या शाळेत त्या येणार होत्याच, एका नव्या शिक्षिकेला कायम करायचं की नाही ते ठरवायला. आता त्याच शिक्षिकेवर बालंट होतं.

नव्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, तेही पहिल्या वर्गात. मात्र शिकवण्याची पदवी नाही. नेमणूक हंगामी.

“प्रयोग हायड्रोजनचा,” चाळणीबाई बूच निरखत म्हणाल्या. “जस्तावर पातळ आम्ल ओतायचं, की वायू निघतो. बरोबर? मग नरसाळ्याची नळी लांब पाहिजे, खालच्या आम्लात बुडालेली. नाहीतर वायू तिथूनच पळतो. दुसरी नळी वाकडी पाहिजे, म्हणजे वायू पाण्याखालून परीक्षानळीत धरता येतो. पेटवायचं ते एवढंसं परीक्षानळीतलं, तेही चंबूपासून लांब नेऊन. इथं नरसाळं आखूड, नळी सरळ, आणि तिच्या तोंडाशीच काडी लावलेली. आत हवा भरलेली असताना! हा प्रयोग नव्हे, सुतळी बाँब आहे.”

“मी अशी मांडणी केलीच नव्हती,” नव्या बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. रडून झालं असावं.

“मग काय भुतानं केली?” मोठ्या बाई.

“मी लांब नळीचं नरसाळं लावलं होतं. वाकडी नळी लावली होती. आम्लाची बाटली, काडेपेटी शेजारी ठेवली होती. तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. हात लावू नका असं पोरांना सांगून मी खाली गेले, तेवढ्यात आवाज झाला.”

“सांगायला काय जातं! ते लांब नरसाळं दाखवा ना मग. ट्रेमध्ये तर नाहीये.”

चाळणीबाईंनी कपाटं पाहिली, मोरी पाहिली. मग दाराआडच्या लाल बादलीकडे त्यांचं लक्ष गेलं. आग लागली तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली वाळूची बादली. वाळूत, रोप लावावं तसं सरळ खोचून, एक लांब नळीचं नरसाळं उभं होतं. शेजारी वाकडी नळी. दोन्हींना साधा ओरखडाही नव्हता.

२

“म्हणजे हिला अडकवायला कुणीतरी मुद्दाम बदललं?” मोठ्या बाई ऑफिसात येऊन खुर्चीत बसल्या तरी त्यांचा श्वास जागेवर नव्हता.

“बदललं हे खरं. अडकवायला का, ते बघू. वाईट करणारा माणूस वस्तू फेकतो, लपवतो, फोडतो. यानं वाळूत खोचून ठेवली. ती फुटू नये याची याला काळजी होती.” चाळणीबाईंनी पदर सारखा केला. “मुलं काय म्हणतात?”

“चाळीस तोंडं आणि एकच उत्तर. हात लावला नाही. खेळ करायला गेलो, फुटलं, असंही कुणी म्हणत नाही. जी जखमी झाली ती आमची सगळ्यांत हुशार मुलगी. मुंगी म्हणतात तिला, एवढीशी आहे पण सतत कामात. तीपण तेच सांगते.”

“आणि नव्या बाईंना तुम्ही नेमकं तेव्हाच का बोलावलं?”

“अहो, तुमच्यासाठीच! तुम्ही येणार म्हणून कागद लावत होते. एक सही राहिली होती.” मोठ्या बाईंनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. “माझ्यावर संशय घेताय का?”

“मी सगळ्यांवर घेते, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही. नववी ‘अ’ आधी कुणाकडे होती?”

“खडूसरांकडे. गेल्या महिन्यात नव्या बाईंकडे दिली. तुमच्या खात्याचाच धोशा, ज्या विषयाचा माणूस त्यानंच तो विषय शिकवावा. पालक अजून माझ्या नावानं खडे फोडतायत. खडूसरांसारखं शिकवणारा या भागात नाही, बाई. पोरं डबा खायची विसरतात.”

“त्यांचा विषय कोणता?”

“बी.एस्सी. आहेत. बी.एड. आहेत. सगळं रीतसर आहे.”

“बी.एस्सी. कशात, ते विचारते आहे मी.”

मोठ्या बाईंनी घंटी दाबून शिपायाला हाक मारली आणि पाणी मागवलं. पाणी त्यांच्यापुढे आधीच ठेवलेलं होतं.

३

प्रयोगशाळेचे सहाय्यक म्हणजे बाटलीकाका. रसायनांच्या बाटल्या त्यांच्या ताब्यात, म्हणून पोरांनी दिलेलं नाव.

“चारचौघांत कुणी हाक मारली ना, की बायको कपाळाला हात लावते,” ते म्हणाले. “विचारा, काय विचारायचं ते.”

“नव्या बाईंशी तुमचं वाजलं होतं म्हणे.”

“वाजलं काय, वाजतंच! आल्या आल्या म्हणतात, काका, सगळ्या परीक्षानळ्या पुन्हा धुवा. इतकी वर्षं कपाटात देवासारख्या बसल्या होत्या बिचाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

“इतकी वर्षं? कुणीच बाहेर काढल्या नाहीत?”

“कोण काढणार? खडूसरांना फळा आणि खडू बास. धूळ मी पुसायचो, एवढंच.” मग काका एकदम सावध झाले. “पण परवा मी नव्हतो हां इथं! खाली टेंपोतून गॅसची टाकी उतरवून घेत होतो. टेंपोवाला साक्षीला आहे, शिपाई आहे. माझ्या गळ्यात घालू नका, बाई.”

“नाही घालत. आखूड नरसाळं कुठलं?”

“गाळायचं ते. उघड्या फडताळावर असतात, सरळ नळ्याही तिथंच. कुणीपण घेईल.”

नव्या बाईंना वर्गावर जायची बंदी होती, म्हणून विज्ञानाचे सगळे तास पुन्हा खडूसरांकडे आले होते. चाळणीबाई आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

खडूसर उंच, अंगानं काटकुळे. कोटाच्या दोन्ही खिशांत रंगीत खडू. आवाज मात्र असा, की मागच्या भिंतीनंही कान द्यावा.

“दोन वायू,” ते सांगत होते. “एक स्वतः जळतो. दुसरा जळायला मदत करतो. दोघंही आगीचेच सोबती. आता मला सांगा, हे दोघं आगीत शिरले, एकमेकांच्या गळ्यात पडले, तर त्यातून काय जन्माला यावं? मोठी आग? नाही! जन्माला येतं पाणी. आग विझवणारं पाणी, आणि ते आगीच्याच पोटी! काय म्हणावं त्या घडवणाऱ्याला?”

चाळणीबाईंच्या अंगावर काटा आला. रसाळ वाणीपुढे त्या मेणाहून मऊ होत, हा त्यांचा जुना स्वभाव. हा माणूस कुणाच्या वाईटावर असेल, हे मनाला पटेना.

तास संपल्यावर त्या म्हणाल्या, “सुंदर सांगता हो, खडूसर.”

“मध्ये श्वास घ्यायचा, बाई. खडू, सर. एका दमात म्हटलं की खडूस होतो मी.”

त्या हसल्या. “मूळचे कुठल्या विषयाचे?”

“गणिताचा. विज्ञान नंतर चिकटलं. बदली माणूस मिळाला नाही, आणि मग मीच मिळालो.”

“आणि परवा आवाज झाला तेव्हा?”

“शेजारच्या वर्गात दहावीला भूमिती शिकवत होतो. सगळा वर्ग साक्ष देईल.”

तेही खरं होतं. चाळणीबाईंनी आधीच विचारलं होतं. “ट्रे पाहिलात का?”

“लांबून.”

“मग जवळून बघा. मला तुमचं मत पाहिजे.”

सर प्रयोगशाळेत आले, ट्रेवर वाकले. त्यांच्या मुठीत निळा खडू होता. कट्कन आवाज झाला आणि निळी भुकटी काचांवर सांडली.

“काय झालं?”

“काही नाही. पोरीचा डोळा आठवला,” म्हणत सर घाईनं निघून गेले.

चाळणीबाई जागेवरच उभ्या राहिल्या. डोळ्यात काच गेली होती, आणि सरांनी काचांकडे बघितलंही नव्हतं. ते बघत होते बुचाकडे. त्यात खोचलेल्या नरसाळ्याकडे आणि नळीकडे.

४

इस्पितळातल्या पलंगावर मुंगी खरोखरच मुंगीएवढी दिसत होती. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. शेजारी आई.

“फार बोलायला लावू नका, ताई,” आई म्हणाली. “रात्रभर डोळा मिटत नाही तिचा. पट्टी नाही तो.”

“नाही लावत. मी बसते नुसती.”

तेवढ्यात परिचारिका मुलीच्या हाताची पट्टी बदलायला आली. डावा तळवा मोकळा झाला. तळव्याच्या मधोमध एक खोल जखम होती, पेन्सिलीच्या बुडाएवढी, अगदी गोल, एखादा शिक्का दाबून उठवल्यासारखी.

“डोळ्याचं कळलं,” आई म्हणाली, “पण हे असं गोल काय लागलं? डॉक्टरपण विचारत होते.”

मुंगीनं हात पांघरुणाखाली ओढला.

“मुंगी,” चाळणीबाई म्हणाल्या, “मी कुणाला शिक्षा करायला आलेली नाही. प्रयोगाला कुणी हात लावला होता का, एवढंच सांग.”

“नाही.”

“बरं.”

मग पोरीनंच विचारलं, “नव्या बाईंना काढणार का?”

“कदाचित.”

“नका ना काढू.” तिनं उशीवरून मान उचलली. “त्या खूप चांगल्या आहेत. कुणाला कधी टाकून बोलत नाहीत. आणि येईल त्यांना. हळूहळू येईल.”

“काय येईल?”

मुंगीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“अगं, काहीतरीच काय!” आई ओशाळली. “बाई आहेत त्या तुझ्या. त्यांना काय यायचं राहिलंय? मनावर घेऊ नका हं ताई, औषधांनी बरळते.”

पण चाळणीबाईंनी ते चांगलंच मनावर घेतलं होतं. ही मुलगी बरळत नव्हती. ती तिच्या बाईंची रदबदली करत होती, जशी नापास मुलाची त्याचा मोठा भाऊ करतो.

५

नववी ‘अ’ने चाळणीबाईंना बघितलं आणि चाळीस चेहरे एकदम बंद झाले, दुकानांची फळकुटं लागावीत तसे.

“मी काही विचारणार नाही,” त्या म्हणाल्या. “मला फक्त चित्र पाहिजे. हायड्रोजनच्या प्रयोगाची आकृती कोण काढतो?”

दुकानं किलकिली झाली. बांबू नावाचा एक लंबू उठला, खडू घेऊन सरसावला. चंबू झोकात आला. मग तो नरसाळं काढायला लागला तशी मागून हाकाटी झाली.

“ए, एवढं खाली नको नेऊस!”

“जस्त रंगवायला जागा ठेव की! पूर्ण खाली आणलंस तर खडे कुठं काढणार, तुझ्या डोक्यावर?”

बांबूनं नळी पुसली आणि चंबूच्या गळ्याखालीच थांबवली. खाली राखाडी जस्त, निळं आम्ल. दुसऱ्या भोकातून सरळ वर जाणारी निमुळती नळी आणि तिच्या टोकाला केशरी ज्योत. आकृती खरंच देखणी झाली होती.

चाळणीबाईंनी दुसऱ्याला बोलावलं, मग एका मुलीला. फळ्यावर तीन आकृत्या झाल्या. तिन्हींत नरसाळं आखूड, तिन्हींत नळी सरळ, तिन्हींत ज्योत चंबूच्याच डोक्यावर. म्हणजे ट्रेमध्ये जे तुकडे होऊन पडलं होतं, ते इथं फळ्यावर धडधाकट उभं होतं.

“फार छान,” त्या म्हणाल्या, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “परवा नव्या बाईंनी टेबलावर मांडलं होतं, तेही असंच होतं ना?”

मग आकृती काढून नुकतीच बाकाकडे निघालेली मुलगी, स्तुतीनं अजून गाल लाल असलेली, बोलून गेली.

“नाही बाई. त्यांचं चुकलं होतं.”

“शूऽऽ!” सगळा वर्ग एका तोंडानं म्हणाला.

६

मुलांना मैदानावर पाठवलं आणि मोठी माणसं नववी ‘अ’च्या बाकांवर बसली. मोठ्या बाई, खडूसर, बाटलीकाका, नव्या बाई. बाकं लहान, गुडघे मोठे. फळा पुसू नका, असं चाळणीबाईंनी आधीच बजावलं होतं.

“मांडणी कुणी बदलली ते सांगते,” त्या म्हणाल्या. “काका खाली होते. सर शेजारच्या वर्गात होते. मोठ्या बाई आणि नव्या बाई ऑफिसात एकमेकींसमोर. खोलीत उरली फक्त मुलं. काचेची नळी रबरी बुचात घालायची असेल तर जाणता माणूस ती ओली करतो, फडक्यात धरतो आणि फिरवत फिरवत घालतो. नवखा माणूस नळीच्या बुडाला तळवा लावतो आणि दाबतो. मुंगीच्या डाव्या तळव्यावर त्या नळीच्या बुडाएवढी गोल जखम आहे. उडालेली काच फाडते, ती असा शिक्का मारत नाही. मांडणी मुंगीनं बदलली. बाकीच्यांनी मदत केली किंवा बघितलं.”

“बघा!” मोठ्या बाई बाकावरून अर्ध्या उठल्या. “पोरांचा वात्रटपणा. मी म्हणतच होते.”

“वात्रट पोर नरसाळं वाळूत जपून ठेवत नाही. बसा, बाई. प्रश्न असा की ती चाळीस मुलं एकमुखानं खोटं का बोलली. आम्ही हात लावला म्हणून शिक्षा होईल, ही भीती? मुंगीला स्वतःची भीती नाही. तिला धास्ती नव्या बाईंना काढतील याची आहे. मला म्हणाली, त्यांना काढू नका, येईल त्यांना हळूहळू.”

नव्या बाईंनी वर पाहिलं. “मला? काय येईल?”

“हायड्रोजनचा प्रयोग.” चाळणीबाईंनी फळ्याकडे हात केला. “या मुलांच्या लेखी खरा प्रयोग हा आहे. तुम्ही टेबलावर मांडलात तो वेगळा. म्हणजे तुमचा चुकीचा. दोनच दिवसांनी मी येणार होते. चाळणी येणार आणि आपल्या बाई नापास होणार! तुम्ही खाली गेलात. मुंगी उठली आणि तिनं तुमची चूक दुरुस्त केली. नीट जमलं का बघायला आम्ल ओतलं, काडी लावली. स्फोट झाल्यावर मुलांनी ठरवलं, कुणी काही बोलायचं नाही. कारण आम्ही दुरुस्ती केली असं सांगितलं, तर बाईंचं चुकलं होतं हेही सांगावं लागेल. तुम्हाला वाचवायला त्यांनी तोंडं शिवून घेतली, आणि त्यानंच तुम्ही बुडत होता.”

नव्या बाईंनी तोंडावर हात ठेवला.

“आता ही आकृती यांना कुणी शिकवली...” असं म्हणून चाळणीबाई थांबल्या. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही.

बाकाची फळी करकरली. खडूसर उठून फळ्याजवळ गेले.

“पुस्तकात दोन आकृत्या आहेत,” ते म्हणाले. “एक वायू तयार करायची, दुसरी तो तपासून मग पेटवायची. फळा लहान. दोन काढल्या की दाटी होते. मी दोन्हींची एक केली. छान दिसायची. जस्त नीट रंगवता यावं म्हणून नरसाळ्याची नळी वर घेतली. ती खाली का असते हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. पोरांना पैकीच्या पैकी पडायचे. पेपर तपासणाराही मीच.”

“आणि ट्रे बघितल्यावर ओळखलंत.”

“ओळखलं. माझंच चित्र होतं, काचेत उभं राहिलेलं.” फळ्यावरच्या आखूड नळीवर त्यांनी बोट ठेवलं. “सांगायला पाहिजे होतं. बोलायचं म्हटलं की कधी अडलो नाही जन्मात. नेमका इथं अडलो. या नव्या बाई बदनाम होत होत्या आणि मी आठवीला पाण्याचा जन्म सांगत होतो.”

“अहो, पण सर गणिताचे असले म्हणून काय झालं?” मोठ्या बाई म्हणाल्या. “गणित-विज्ञान जोडीनंच देतात की सगळीकडे. निकाल चांगला होता आमचा!”

“विज्ञान माझ्याकडे दिलंत त्याच दिवशी मी म्हटलं होतं, मला रसायन येत नाही,” सर शांतपणे म्हणाले. “तुम्ही म्हणालात, पुस्तक आहे की.”

मोठ्या बाईंचा पेपरवेट इथं नव्हता. त्यांनी पदराचं टोक फिरवायला घेतलं.

“म्हणजे मी सुटले?” नव्या बाईंनी विचारलं.

“आरोपातून सुटलात. माझ्या तावडीतून नाही.” चाळणीबाई त्यांच्या बाकावर जाऊन बसल्या. “आम्ल आणि काडेपेटी पोरांपुढे ठेवून तुम्ही खाली गेलात. ‘हात लावू नका’ म्हटलं की पोराचा पहिला हात तिथंच जातो. शिकवायच्या शिक्षणात हे शिकवतात. सरांनी ते शिक्षण घेतलंय, त्यांनी काडेपेटी खिशात घातली असती. तुम्हाला विषय येतो, सरांना मुलं येतात. अर्ध्या पोळीवर तूप वाढून ती पूर्ण होत नाही. इतकी वर्षं या शाळेनं मुलांना अर्धीच वाढली.”

“घातली असती हो खिशात,” सर पुटपुटले. “तेवढं मात्र केलं असतं.”

मग चाळणीबाईंनी निर्णय सांगितला, भाजीचा भाव सांगावा तितक्या सरळपणे. सरांनी उद्यापासून गणित शिकवायचं, फक्त गणित. नव्या बाईंनी शिकवण्याची पदवी पूर्ण करायची. तोवर वर्ग त्यांच्याकडे, आणि काका प्रयोगशाळेतून हलायचे नाहीत. माहीत असून दिलेल्या नेमणुकीबद्दल मोठ्या बाईंनी खात्यापुढे उत्तर द्यायचं.

“म्हणजे परीक्षानळ्या परत धुवायच्या?” बाटलीकाकांनी विचारलं.

“रोज,” नव्या बाई म्हणाल्या.

७

मुंगीच्या डोळ्याची पट्टी निघाली त्या संध्याकाळी खडूसर इस्पितळात गेले. चाळणीबाई सोबत होत्या, पण दारातच थांबल्या. आई रडत होती आणि हसतही होती. डोळा राहिला होता. थोडं धूसर दिसेल काही महिने, मग निवळेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

सर पलंगाजवळ उभे राहिले. स्टूल होतं, पण बसले नाहीत.

“सर, मी आकृतीप्रमाणेच केलं होतं,” मुंगी घाईघाईनं म्हणाली. कुणी काही विचारायच्या आत. “पण माझं कुठंतरी चुकलं. मी रोज आठवून बघते. सापडत नाही.”

“तुझं काही चुकलं नाही.”

“मग फुटलं कसं?”

“आकृती चुकीची होती. नव्या बाईंनी मांडलं होतं ते बरोबर होतं. चूक माझी, बाळ.”

मुंगी त्यांच्याकडे बघत राहिली. एक डोळा स्वच्छ, एक लाल. ती रडेल, असं आईला वाटलं. सरांना वाटलं, ती रागावेल. ते त्याच तयारीनं आले होते. पण ती डोक्यातल्या डोक्यात काहीतरी मोजत होती, वर्गात गणित घातल्यावर मोजायची तसं.

“सर,” ती म्हणाली, “मग बाकीच्या आकृत्या?”

सरांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत मुलाच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही असं झालं नव्हतं. काही ना काही सुचायचंच, आणि सुचलेलं सुरेखही असायचं. आताही काहीतरी सुचलं असावं. ते त्यांनी गिळलं.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

मुंगीनं पाय आखडून घेतले आणि पलंगाच्या कडेला त्यांना बसायला जागा केली.